वैशाखातील समुद्र : एका बेताची हकीकत

आमच्या पिढीस उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आजोळ, आणि आजोळ म्हणजे एस.टी.च्या लाल गाडीची मागची बाके, एवढाच अर्थ ठाऊक होता. समुद्र पाहावयास कोणी मुद्दाम जात नसे; तो वाटेत लागे. त्याहून मागच्या पिढ्यांस तर समुद्रापलीकडे जाणे हा दोषच वाटे. धर्मशास्त्रकारांनी समुद्रयात्रेस कलिवर्ज्यांत बसविले होते, आणि विलायतेहून परतलेल्या विद्वानांस प्रायश्चित्त घ्यावे की न घ्यावे यावर महाराष्ट्रात कितीक वर्षे कडाक्याचे वाद झाले. आमच्या पनवेल तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके समुद्रापार गेले ते काळ्या पाण्याचे कैदी म्हणून. १८८३ साली एडनच्या तुरुंगातच त्यांनी देह ठेवला. आता त्याच तालुक्याच्या खाडीकाठी नवी मुंबईचा विमानतळ उभा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या नाताळापासून तेथून विमाने उडू लागली. आमच्या गच्चीवर वाळवणे घालताना ती डोक्यावरून जातात. अशा गावात नातवंडांनी परदेशाचे नाव काढले तर त्यांस बोल कसा लावावा?

आमच्या घरी हा विषय नातीने काढला. ती यंदा नववीतून दहावीत जाईल. तिच्या आईबापांस नोकरीतून एकदम दहा दिवस सुटका नाही. तेव्हा जाणार कोण, तर आम्ही, आमची मंडळी आणि नात, असे तिघे. दहावीचे वर्ष म्हणजे काय, हे ज्या घरात परीक्षेस बसणारे मूल आहे त्यास सांगावयास नको. जूनपासून शिकवणी, सराव, प्रश्नपत्रिका. त्यापुढे अकरावी-बारावी, आणि मग कोणते शहर, कोणते वसतिगृह कोण जाणे. ज्या मुलीस आम्ही बोट धरून शाळेत पोहोचविले ती आता जेवणाच्या पानावरदेखील चार शब्द बोलते आणि उठून जाते. हा वयाचा धर्म आहे. चाळीस वर्षे वर्गावर काढलेल्या मास्तरास त्याचे नवल वाटू नये. पण वर्गातील मूल पाच वाजता घरी जाते. हे मूल घरातच राहून दूर गेले आहे. तेव्हा तिने आपणहून "आबा, आपण समुद्रावर जाऊ या, पण लांब, आणि रोज काही बघायला न्यायचं नाही," असे म्हटले, त्या वाक्याचे मोल आम्हांस तत्काळ कळले.

"आपल्या कोकणात समुद्र थोडा का आहे?" हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांनी लगेच केला, आणि तो रास्त आहे. काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर ही स्थळे कोणत्याही परदेशी किनाऱ्याहून रूपाने उणी नाहीत. परंतु मे महिन्याच्या शनिवार-रविवारी अलिबागच्या रस्त्यावर जो गेला आहे त्यास विश्रांती हा शब्द तेथे सुचत नाही. शिवाय नातीचे म्हणणे असे की, ओळखीच्या मुलुखात गेले की ओळखीचे लोक भेटतात, आणि ते "कितवीला गं तू? पुढे काय करणार?" हेच विचारतात. यात तथ्य आहे. जेथे आपणांस कोणी ओळखत नाही असे स्थळ पंधरा वर्षांच्या मुलीस हवेसे वाटावे, हे आम्हांस समजू शकते. गोव्याचा विचार झाला. एके काळी तोही परदेशच होता. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तेथे जावयाचे तर पोर्तुगीज जकातनाक्यावर उभे राहावे लागे. आता तेथे जाऊन परदेशी गेल्याचे समाधान मिळत नाही, इतकेच.

मग नकाशा उघडला. अशा बेतात प्रथम पैशाचा विचार करावा असे लोक म्हणतात. आमचे मत निराळे आहे. प्रथम वारा पाहावा. आपल्याकडील सुट्टी मे महिन्यात, आणि मे महिना हा हिंदी महासागराच्या बऱ्याच किनाऱ्यांवर पावसाळ्याचा उंबरठा. नैऋत्येचा मोसमी वारा केरळात साधारण १ जूनला आणि श्रीलंकेच्या दक्षिणेस त्याच्या आठवडाभर आधी पोहोचतो. या वाऱ्याच्या तोंडावर जो किनारा, तेथे मेअखेर समुद्र खवळलेला. मालदीवची बेटे व थायलंडातील फुकेत ही अशीच तोंडावरची. तेथे या दिवसांत खोल्या स्वस्त मिळतात त्या उगाच नव्हेत. जाहिरातीतील निळे पाणी हे माघ-फाल्गुनातले असते. तिकीट मात्र वैशाखाचे काढलेले असते.

याउलट इंडोनेशियातील बाली बेटावर एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ. स्थळ उत्तम, परंतु प्रवास लांबचा आणि विमानाचे भाडे तिघांचे मिळून आमच्या आवाक्याबाहेरचे. मॉरिशसचा मोह मात्र सहजी सुटेना. विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मे महिन्यात तेथे हिवाळा येऊ घातलेला असतो. वादळांचा काळ सरलेला आणि हवा सुखद. बेटाभोवती प्रवाळाची भिंत असल्याने आतले पाणी पुष्कळ ठिकाणी तळ्यासारखे निवांत. भारतीय प्रवाशास आगाऊ व्हिसाची यातायात नाही. आणि तेथे मराठी माणसे आहेत! एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडील कष्टकरी लोक मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांचे वंशज आज घरी क्रिओल बोलतात, पण गणपती बसवितात, आणि गणेशचतुर्थीस त्या राष्ट्रात सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट, जेथे हे मजूर बोटीतून उतरत, तो २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. एवढे सारे आम्ही उत्साहाने नातीस सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "आबा, तुम्ही तिकडे गेलात की बघायलाच लागाल." भाड्याचा आकडा पाहून मंडळींनीही तिचीच बाजू घेतली. मॉरिशस राहिले.

राहता राहिली श्रीलंका. मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच तासांच्या सुमारास. घड्याळ आपलेच, मंडळींच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळसुद्धा बदलत नाही. पण वाऱ्याचे काय? येथे सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या वाचकास फारसे समजावावे लागणार नाही. पनवेलीस जुलैत धो धो पाऊस पडत असतो आणि बोरघाट चढून देशावर बरेच आत गेले की कोरडे रान लागते, त्याचे कारण मधला डोंगर. श्रीलंकेच्या पोटातही असाच डोंगराळ मुलूख आहे. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस गॅले, बेंटोटा, कोलंबो या बाजूस पडतो आणि पूर्वेचा किनारा पर्जन्यछायेत राहतो. तेथे खरा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी. म्हणजे ज्या महिन्यात बहुतेक प्रवासी कंपन्यांची चित्रे दाखवितात तो नैऋत्य किनारा अशान्त असतो, नेमका त्याच महिन्यात पूर्वेकडील त्रिंकोमाली शान्त असते. ऊन मात्र कडक. पारा पस्तिशीच्या आसपास जातो. सबब समुद्रावर सकाळी नवाच्या आत आणि सायंकाळी चारनंतर, मधले तास पंख्याखाली, हा क्रम ठरविला. नातीस तो फारच पसंत पडला.

त्रिंकोमालीच्या उत्तरेस सुमारे १५ किलोमीटरवर निलावेली म्हणून किनारा आहे. पांढरी वाळू, पाणी बराच अंतरपर्यंत उथळ. आपल्याकडे अलिबागेस ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते, इतका समुद्र मागे हटतो. तिकडे भरती-ओहोटीतील फरक जेमतेम दोन फुटांचा, त्यामुळे पाणी दिवसभर जागच्या जागी. किनाऱ्यापासून किलोमीटरभर अंतरावर पिजन आयलंड नावाची दोन बेटे आहेत. २००३ साली त्यांस राष्ट्रीय उद्यान केले. तोंडास नळी व डोळ्यांस काच लावून तेथे प्रवाळ आणि मासे पाहतात. परदेशी पाहुण्यांस त्याचे शुल्क बरेच पडते, होडीचे निराळे. आम्ही ते एकदाच, नातीपुरते, धरले आहे. प्रवाळावर पाय ठेवू नये, तो जिवंत असतो, हे तिनेच आम्हांस सांगितले.

हा किनारा सुखाचाच आहे असे समजू नये. १९८३ पासून मे २००९ पर्यंत त्या देशात जे यादवी युद्ध चालले त्याची झळ या भागास फार लागली, आणि मध्येच २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने किनाऱ्यावरची वस्ती धुऊन नेली. तेथील पाहुणघरे चालविणारी कित्येक कुटुंबे हे सर्व सोसून पुन्हा उभी राहिलेली आहेत. मोठ्या हॉटेलाऐवजी अशा घरगुती ठिकाणी उतरावे हे आमचे मत काटकसरीमुळे झाले खरे, पण केवळ काटकसरीमुळे नव्हे.

मंडळींचे मन या बेतास प्रथम राजी नव्हते. "रावणाच्या लंकेत कसली विश्रांती!" असे त्यांनी दोनदा म्हटले. मग कोणेश्वराचे नाव निघाले. त्रिंकोमालीत समुद्रात घुसलेल्या उंच कड्यावर हे शिवाचे प्राचीन क्षेत्र आहे. तमिळ शैव संतांनी सातव्या शतकात त्याचे स्तवन केले. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकाच्या आरंभी मूळ मंदिर पाडले आणि त्याचे दगड किल्ल्यास लावले. तोच आजचा फ्रेडरिक किल्ला, जेथे हरणे मोकळी फिरतात. कड्यात एक मोठी चीर आहे, तीस रावणाच्या तलवारीचा घाव म्हणतात. १९५६ साली आर्थर क्लार्क या विज्ञानकथाकाराने आपल्या सोबत्यासह येथे समुद्रात बुडी मारली, तेव्हा मंदिराचे अवशेष तळाशी दिसले. इतके ऐकल्यावर मंडळींनी विश्रांतीचा आक्षेप मागे घेतला, आणि नातीने पाणबुड्यांची चित्रे शोधून आजीस दाखविली. दोघी एकाच पडद्यावर डोके घालून बसलेल्या आम्ही बऱ्याच दिवसांनी पाहिल्या.

आता पैसा. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने मर्यादा आधी घालावी व मग स्थळ त्यात बसवावे. आम्ही दीड लक्ष रुपयांची रेघ ओढली. त्यातील निम्मे तीन विमानतिकिटांत जाईल. उरलेल्यात नऊ रात्रींचे राहणे, जेवण, तिकडचा प्रवास आणि हाताशी राखीव. आपल्या एका रुपयास तिकडील साधारण तीन ते साडेतीन रुपये येतात. तेव्हा फलकावरील आकडा पाहून छाती दडपू देऊ नये आणि, उलट, हाती नोटांचे पुडके आले म्हणून श्रीमंतही समजू नये. २०२४ च्या फेब्रुवारीपासून आपले यू.पी.आय. तेथे चालू लागले आहे. तरी खेड्यात रोकड लागतेच. कोलंबोपासून त्रिंकोमाली अडीचशे किलोमीटरांहून थोडे अधिक. सरकारी बस सर्वांत स्वस्त, आणि तीही आपल्या एस.टी.प्रमाणे लाल, पण मंडळींच्या गुडघ्यास सहा-सात तास बाक सोसणार नाही, म्हणून जाताना मोटार ठरवून दांबुल्ल येथे एक मुक्काम, येताना तसेच. तेथील लेण्यांतील बुद्धमूर्ती ज्यास पाहावयाच्या त्याने पाहाव्या. नातीस झोपून राहण्याची मुभा आहे. सिगिरियाचा गड जवळच आहे, तेथे सार्क देशांच्या नागरिकांस पारपत्र दाखविल्यास तिकीट निम्म्या दरात मिळते. आम्ही तो यादीतून काढला. ज्याला निवांतपणा हवा त्याने वाटेवरचे सगळेच पदरात पाडून घेऊ नये, आणि हे मास्तराच्या पेशास फार जड जाते.

निलावेलीस एक मोठी खोली न घेता लागून असलेल्या दोन लहान खोल्या पत्राने ठरविल्या. आम्ही पहाटे पाचला उठणारे. ती नवापर्यंत निजणारी. एका खोलीत हे दोन धर्म नांदत नाहीत, आणि सुट्टीतील निम्मी भांडणे उठण्याच्या वेळेवरूनच होतात.

कागदपत्रांचा भाग नीरस, परंतु घरातील नातवंड बरोबर नेणाऱ्या प्रत्येक आजोबाने तो वाचावा. अज्ञान मुलाच्या पारपत्रास आईबाप दोघांची संमती लागते. पारपत्राची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिन्यांहून अधिक शिल्लक असावी. मुलांचे पारपत्र बहुधा पाच वर्षांचेच असल्याने ते केव्हा संपले हे कोणाच्या ध्यानी राहत नाही. आईबाप सोबत नसतील तर दोघांच्या सहीचे संमतिपत्र, नोटरीचा शिक्का, त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि मुलाचा जन्मदाखला जवळ बाळगावा. श्रीलंकेत जाण्यासाठी ई.टी.ए. नावाची परवानगी आधी घ्यावयाची असते. तिचे शुल्क व नियम अलीकडे अनेकदा बदलले आहेत, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या सरकारच्याच संकेतस्थळावर पाहावे, मध्यस्थाच्या नव्हे. आणि आता मुंबईस दोन विमानतळ झाले आहेत. तिकिटावर बी.ओ.एम. आहे की एन.एम.आय., ते नीट वाचावे. पनवेलकराने घराजवळचा समजून भलत्याच ठिकाणी जाऊ नये.

जेवणाची चिंता आमच्यासारख्या घरांस असतेच. त्रिंकोमाली हे तमिळ वस्तीचे गाव. इडली, डोसा, इडिअप्पम सहज मिळतात. एकच सावधगिरी : तिकडे पोळ सांबोल नावाची ओल्या खोबऱ्याची चटणी सर्वत्र वाढतात, दिसावयास निरागस, परंतु तीत पुष्कळदा सुक्या मासळीचा चुरा असतो. "सैवम्" हा शब्द शिकून ठेवावा. शैव म्हणजे शाकाहारी! शिवाच्या नावावर ताट शुद्ध होते, हे पाहून संस्कृताच्या अभ्यासकास गंमत वाटल्यावाचून राहणार नाही. मंडळींनी मेतकूट, पोह्याचे पापड आणि आमसुले बांधली आहेत. हापूसची पेटी नेण्याचा त्यांचा आग्रह मात्र मोडावा लागला. ताजी फळे दुसऱ्या देशात नेण्यास रोगप्रतिबंधाचे निर्बंध असतात.

उरला मुख्य प्रश्न, मुलीचा. आम्ही तिच्याशी सरळ करार केला. रोजच्या खर्चाची वही तिने ठेवावयाची. पैसे तिच्या हाती, जमाखर्च रात्री आम्हांस दाखवावयाचा. मोटारवाल्याशी बोलणे, पाहुणघरास पत्र लिहिणे, तेही तिचेच. पहिल्या पत्रातच तिने दोन खोल्यांच्या भाड्यात न्याहारी धरून घेतली, जे आम्हांस सुचले नसते. दूरध्वनीविषयी आम्ही काहीही नियम केला नाही. घरातील काहींस हे आवडले नाही. पण सुट्टीचा पहिला दिवस जप्तीने सुरू करावा असे आम्हांस वाटत नाही.

समुद्राविषयी मात्र नियम कडक. एकटीने पाण्यात उतरावयाचे नाही. लाल निशाण असेल तर पाऊल भिजवावयाचे नाही. खेचणाऱ्या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत न येता किनाऱ्यास समांतर पोहत बाजूस व्हावयाचे. तिला तलावात पोहता येते. तलाव आणि समुद्र यांतील फरक आम्ही समजावू लागलो तेव्हा ती ऐकत राहिली, मध्येच उठली नाही.

आणखी एक गोष्ट तिने वहीत लिहून घेतली आहे. आम्ही कोकणची माणसे; सूर्य समुद्रात बुडताना जन्मभर पाहिला, समुद्रातून वर येताना कधी नाही. पूर्वेच्या किनाऱ्यावर तो पाण्यातूनच उगवेल, आणि समुद्राकडे तोंड करून प्रातःसंध्येचे अर्घ्य देण्याचा योग आम्हांस प्रथमच येईल. तिने सोबत यावे असे आम्ही म्हटले नव्हते. तीच म्हणाली, "सात सकाळींपैकी एका सकाळी मला उठवा. फक्त एका." कोणती, ते अद्याप ठरलेले नाही; पाहुणघराच्या पत्रोत्तराखाली तिने सात वार मांडून ठेवले आहेत, आणि अजून एकाही वारावर खूण केलेली नाही.